कारणाचा रकाना

कानोसानं माझ्या सासूबाईंना, आक्कांना, शंभरापैकी चौऱ्याण्णव गुण दिले आणि त्या दिवसापासून घरात कुणाचं काही चालेना. गाडीची किल्ली सापडत नाही म्हणून माझा नवरा भूषण सकाळी सगळं घर डोक्यावर घेत होता, तर आक्का जागच्या न हलता म्हणाल्या, "मला चौऱ्याण्णव पडल्यात. किल्ली फ्रीजवर हाय." किल्ली फ्रीजवरच होती.

गुण देणारी मीच, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

मी तेजस्विनी मगदूम, गडहिंग्लजच्या सरकारी दवाखान्यात तंत्रज्ञ. २०४३ च्या मार्चपासून माझ्याकडे एकच काम होतं: साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला कानोसासमोर बसवायचं. कानोसा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. ती एक-दोन साधे प्रश्न विचारते, एक चित्र दाखवते, चार मिनिटं बोलायला लावते आणि ऐकत राहते. तुम्ही काय सांगितलं याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. दोन शब्दांच्या मध्ये किती थांबलात, नाव सुचेना म्हणून 'ते आपलं हे' कितीदा म्हणालात, एकच गोष्ट फिरून किती वेळा आली, हे ती मोजते.

कारण विस्मरणाचा आजार एका दिवसात येत नाही. मेंदूतल्या पेशींभोवती नको ती प्रथिनं साचायला लागतात, ती लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी. तेवढी वर्षं मेंदू गुपचूप आडवाटेनं काम उरकत असतो. रस्ता खणलेला असला की आपण मागच्या गल्लीतून जातो, तसं. पोचतो, पण थोडा उशीर होतो. तो उशीर माणसाच्या कानाला कळत नाही, कानोसाच्या कळतो. आणि कळणं गरजेचं झालं होतं, कारण चार वर्षांपूर्वी औषध निघालं होतं. महिन्यातून एकदा शिरेतून द्यायचं. गेलेलं ते परत आणत नाही, पण असलेलं बऱ्यापैकी टिकवतं. अट एकच, लक्षणं दिसायच्या आत सुरू करायचं. घरचं दार ओळखेनासं झाल्यावर दिलं तर त्याचा काही उपयोग होत नाही.

माणसं मात्र दवाखान्यात येईनात. "मला काय धाड भरल्या?" हे एकच उत्तर. महिनाभरात मी नऊ जण तपासले होते, त्यातले दोघे पत्ता विचारायला आत आलेले.

"दवाखान्यात कोण कशाला येतंय?" आक्का म्हणाल्या. "डंकावर आण की तुझी पेटी. आख्खं गाव येतंय."

डंक म्हणजे आक्कांची मिरची कुटायची गिरणी. पत्र्याची शेड, विजेवर वरखाली होणारी लोखंडी मुसळं आणि हवेत असा खाट की नवा माणूस दारातच शिंकत उभा राहतो. मार्च ते मे गावातली प्रत्येक बाई वर्षाची चटणी करायला इथं येते. बाजारात तयार पुड्या मिळतात, घरपोच मिळतात, पण आमच्याकडे चटणी अजून ज्याच्या त्याच्या घरची असते. शिंत्र्यांची वेगळी, खोतांची वेगळी.

आक्कांच्या डंकाची एक रीत आहे. बाईनं परातीशी बसायचं आणि एकेक जिन्नस मोठ्यानं बोलत परातीत टाकायचा. आक्कांनी स्टुलावर बसून 'हं' म्हणायचं. शेवटचा 'हं' आल्याशिवाय मुसळ सुरू होत नाही, कारण एकदा कुटलं की त्यातून काही काढता येत नाही आणि मागाहून घातलेलं मुरत नाही. कुणाचं काय प्रमाण ते आक्कांना पाठ. दोनशे चौदा घरांचं.

मागच्या कोठीत दार लावून मी कानोसा मांडला आणि चार दिवसांत माझी गर्वाची हवा गेली. पेटीनं हौसाताईंना आजचा वार विचारला. त्या म्हणाल्या, "बाजाराचा." पेटीनं चूक धरली. चित्रात एक बाई पाठ करून उभी आहे आणि मागं दूध उतू चाललंय. ते बघून खोतांच्या आजी म्हणाल्या, "आधी गॅस बंद कर म्हणावं तिला, मग बोलू," आणि उरलेला वेळ तोंडच उघडलं नाही. पेटीनं त्यांना एकतीस गुण दिले. आजींचं डोकं माझ्यापेक्षा धड आहे. अशा सगळ्यांना मी चहा पाजून पुन्हा बसवलं.

मग इंदूमावशी आल्या.

इंदुमती शिंत्रे, निवृत्त शाळामास्तरीण, आक्कांच्या लग्नापासूनच्या मैत्रीण, त्यांना नावानं 'मालन' म्हणणाऱ्या. बोलायला बसल्या की समोरच्याचा चहा गार. चित्रातल्या त्या दुधावरून त्यांनी पेटीला चार मिनिटांत सगळं गोकुळ ऐकवलं. अठ्ठ्याऐंशी गुण. खुशीत उठून त्या परातीशी गेल्या. मिरचीपासून मिठापर्यंत निम्मे जिन्नस आक्कांच्या 'हं'बरोबर पडले, मग उरलेले.

"धणे पाव किलो. तीळ. खोबरं. खसखस. लवंग दोन तोळे. दालचिनी दोन तोळे. दगडफूल. बाद्यान. जायपत्री. झालं."

आक्कांचा 'हं' आला नाही.

"नाकेशर गं?"

"अगंबाई, नाकेशर!" मावशींनी कपाळावर हात मारला आणि हसल्या. "राहिलंच की."

"का राहिलं?"

"का म्हणजे काय मालन? राहिलं. तुझ्यापुढं काय परीक्षा हाय व्हय?"

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या डब्यातलं नाकेशर, म्हणजे नागकेशराच्या वाळक्या कळ्या, आणून परातीत टाकलं आणि मग 'हं' म्हटलं.

दुपारी डंक बंद करून आम्ही जेवायला बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "इंदूची तपासणी परत कर."

"आक्का, अठ्ठ्याऐंशी आहेत त्यांना."

"तुझी पेटी तिला ताडती कुणाशी?"

"दोन लाख लोकांच्या बोलण्याशी."

"ती चाळीस वर्षं पोरांपुढं बोलत आल्या. झोपेत सुद्धा दोन लाखांपेक्षा बरं बोलंल. इंदूला इंदूशी का ताडत न्हाईस?"

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. आमच्या सगळ्या अभियानातली मोठी अडचण त्यांनी जेवता जेवता सांगितली होती. माणूस उतरणीला लागला का, हे कळायला तो आधी कुठे होता ते ठाऊक हवं. ते आमच्याकडे कुणाचंच नव्हतं. विसाव्या-तिसाव्या वर्षी कुणी कुणाचा मेंदू मोजून ठेवलेला नसतो.

"पण इंदूमावशी आधी कशा होत्या, हे कुठून आणू?"

आक्कांनी हात धुतले, आणि पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढला. आत एकतीस वह्या होत्या.

डंक सुरू केला त्या पहिल्याच वर्षी एका घरात सासू-सुनेचं चटणीवरून वाजलं आणि दोघी भांडत आक्कांकडे आल्या. तेव्हापासून त्या लिहून ठेवायला लागल्या. दर वर्षी, दर घराचं. रकाने चार: नाव, प्रमाण, बदल, कारण. कारणाच्या रकान्यात गावाचा सगळा इतिहास. 'मिरची महाग.' 'मालकांना मूळव्याध.' 'सून बेळगावची, गोडसर लागतं.' 'धाकट्याला लवंग उग्र लागते.'

"बदल सगळ्याच करत्यात," आक्का म्हणाल्या. "पण कारण असलं की बाई विचारायच्या आधी सांगती. सांगितल्याबिगर ऱ्हावतच न्हाई तिला. हे बघ."

इंदूमावशींचं पान. दोन वर्षांपूर्वी मीठ दोनदा. गेल्या वर्षी जायपत्री राहिली. यंदा नाकेशर. तिन्ही ओळींत कारणाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

"अशा रेघा आणखी कुणाच्या आहेत?"

"हायत. त्यातल्या लई जणी आता कुणाला वळखत न्हाईत."

त्या आठवड्यात मी तहानभूक विसरले. टॅबनं वह्यांची पानं वाचून घेतली, आक्कांच्या अक्षरापुढं त्यानंही दोनदा हात टेकले. दवाखान्याच्या नोंदींत या घरांतल्या तेवीस बायकांना गेल्या तीस वर्षांत विस्मरणाचा आजार झालेला होता. त्यातल्या एकोणीस जणींच्या पानावर कारण नसलेल्या रेघा होत्या, आणि घरच्यांना शंका यायच्या सरासरी सहा वर्षं आधी. ज्यांना काहीच झालं नाही अशाही अकरा जणींकडे एखादी रेघ होती, पण एकच. लागोपाठ तीन कुणाचीच नव्हती.

कोल्हापूरहून आमच्या अभियानाच्या प्रमुख डॉक्टर हुक्केरी आल्या. शिंकत, डोळे पुसत त्यांनी दिवसभर वह्या चाळल्या. मग मला म्हणाल्या, "आपलं चित्र समोर असतं, तेव्हा चित्रच माणसाला शब्द सुचवतं. इथं समोर काही नाही. अठरा-वीस जिन्नस, वर्षातून एकदा, कुणी न सुचवता आठवायचे. स्वतःहून आठवणं हे सगळ्यात आधी जातं. कुणी नाव घेतल्यावर 'हो हो, तेच' म्हणून ओळखणं मात्र बराच काळ टिकतं, म्हणून तर नाकेशर म्हटल्यावर त्यांना पटकन लक्षात आलं. शिवाय या आजारात वास फार लवकर मंदावतो. परातीत नाकेशर नाही हे नाकानंही सांगितलं नसणार." मग वही मिटून त्या म्हणाल्या, "हे एका गावापुरतं आहे. सिद्ध काही झालेलं नाही. पण त्यांचं रक्त पाठवूया."

रक्तात ती प्रथिनं सापडली.

इंदूमावशी आठ दिवस आमच्या दारावरून मान वळवून गेल्या. नवव्या दिवशी आत आल्या, आक्कांच्या समोर बसल्या. "पहिलं औषध झालं काल. लवकर सापडलं म्हणाल्या डॉक्टर. पण मालन, तीन वर्षं तू रेघा ओढत होतीस आणि मला बोलली न्हाईस."

"मला तरी यंदापतूर कुठं कळत हुतं कशाच्या रेघा हायत ते?" आक्का म्हणाल्या. मावशींनी त्यांच्या ताटलीतली करंजी उचलून खाल्ली, आणि भांडण मिटलं.

पुढच्या फेरीत डॉक्टरांनी सहज विचारलं, "आक्का, तुमचं पान कुठाय?"

मी वह्या उलटल्या. मगदूम नव्हतं. एकतीस वर्षांत एकदाही नव्हतं.

"माझं कोण लिवणार?" आक्का म्हणाल्या. "मला हं कोण म्हणणार?" त्या आमची चटणी हंगाम संपल्यावर करायच्या, शेड झाडून झाल्यावर, एकट्या, काही न बोलता.

"तुम्हाला काय गरज आहे?" मी घाईनं म्हटलं. "चौऱ्याण्णव आहेत तुम्हाला."

"इंदूला अठ्ठ्याऐंशी हुते."

खरं सांगते, मला भीती वाटली. माहेरी माझी आई लवकर गेली. या बाईनं मला कुकर लावण्यापासून साहेबाला उलट उत्तर कसं द्यायचं इथपर्यंत सगळं शिकवलं. त्यांच्या नावापुढं रेघ ओढायला माझा हात धजला नसता. पण आक्कांना भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त. रोज नवा प्रश्न. ती प्रथिनं वासाच्या जागी आधी का जातात? डाव्या हातानं लिहिलं तर मेंदू नवी वाट काढतो का? स्वतःला विसरलेलं स्वतःला कळतं का? शेवटच्या प्रश्नाला मी नाही म्हटलं, कारण तेच खरं आहे. विसरलेली गोष्ट आतून रिकामी दिसतच नाही. म्हणून तर वही लागते.

"मग माझं मला कळायचं न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांनी अडकित्ता घेऊन सुपारी कातरली. "माझं प्रमाण ठावं असलेलं एकच माणूस हाय."

"कोण?"

"इंदू. डंक यायच्या आधी उखळात कांडत हुतो आम्ही, दोघींची चटणी एकत्र. दहा वर्षं. तिला मीच शिकवल्या."

"आक्का, त्यांना आजार आहे. त्यांच्या आठवणीवर कसं—"

"डाक्टरबाईच म्हणाल्या न्हवं, नाव कानावर पडल्यावर वळखणं टिकतंय म्हणून? मी बोलीन. तिनं नुसतं ऐकायचं. दहा वर्षांची चाल हाय ती, मधी काय गाळलं की कानाला खटकतंय."

दुसऱ्या दिवशी मी नवी वही आणली.

मेच्या अखेरीस, सकाळी, आक्का पहिल्यांदाच परातीच्या बाजूला बसल्या. त्यांच्या स्टुलावर इंदूमावशी. मावशींनी खास इस्त्रीची साडी नेसली होती, शाळा तपासायला साहेब येतात तेव्हा नेसत तशी. भूषण दाराशी हाताची घडी घालून उभा. नवी वही माझ्या मांडीवर होती आणि पहिल्या पानावर मी नुसतं नाव लिहिलं होतं.

"संकेश्वरी मिरची दोन किलो," आक्का म्हणाल्या.

"हं."

"ब्याडगी एक."

"हं."

"धणे अर्धा किलो. जिरं छटाकभर. तीळ. खोबरं."

हं, हं, हं, हं. मावशींनी डोळे मिटले होते. मी प्रत्येक 'हं'ला श्वास सोडत होते. खसखस झाली, लवंग, दालचिनी, मिरी. दगडफूल, नाकेशर, जायपत्री. नाकेशर टाकताना आक्कांनी मावशींकडं तिरकं बघितलं आणि दोघी हसल्या. बाद्यान. मसाला वेलची. हळकुंड. हिंग. शेवटी जाडं मीठ, दोन मुठी, एकदाच.

"झालं," आक्का म्हणाल्या, आणि हात झटकले.

'हं' आला नाही.

मावशींचे डोळे अजून मिटलेलेच होते. ओठ हलत होते. पुन्हा पहिल्यापासून मोजत असाव्यात. मला वाटलं, यांचाच घोळ झालाय, आणि मनातल्या मनात तसंच व्हावं म्हणून देवाला हात जोडले.

"मालन," त्या म्हणाल्या, "मेथी?"

आक्कांनी परातीत बघितलं. बोटांनी मसाला बाजूला सारून बघितलं.

"तूच म्हणायचीस," मावशी हळूच म्हणाल्या, "की मेथीशिवाय आमटीला अंग येत न्हाई. चमचाभर, तेलावर तांबूस. मला शिकवताना करपवलेलीस एकदा."

"व्हय," आक्का म्हणाल्या. "करपवलेली."

सगळ्यांना रीत माहीत होती. आता कारण यायला हवं होतं. कारण असलं की बाई विचारायच्या आधी सांगते. मी आक्कांच्या तोंडाकडं बघत होते आणि ते तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. त्या आत कुठंतरी शोधत होत्या. मला ते बघवेना.

"भूषणला मेथी कडू लागते," मी बोलून गेले. "म्हणून घातली नसेल. तसं लिहिते मी, आक्का. भूषणला कडू लागते म्हणून."

भूषणही लगेच म्हणाला, "हो आई, मीच म्हटलं होतं."

आक्कांनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. रागावल्या नाहीत. दुकानात कुणी जुनी मिरची नवी म्हणून पुढं केली तर त्या जसं बघतात, तसं बघितलं.

"भूषणला मेथी जल्मल्यापास्नं कडू लागती," त्या म्हणाल्या. "आणि मी तवापास्नं घालत आल्ये. वहीत खोटं कारण लिवायचं न्हाई, तेजा. एकतीस वर्षं कुणाचं लिवलं न्हाई. दे हिकडं."

मी वही दिली. त्यांनी चष्मा पुसला. प्रमाण लिहिलं, सगळं, क्रमानं, आपल्या नेहमीच्या अक्षरात. बदलाच्या रकान्यात लिहिलं, 'मेथी राहिली.' कारणाच्या रकान्यात पेन्सिल क्षणभर थांबली, आणि मग त्यांनी एक आडवी रेघ ओढली. इतरांना ओढल्या होत्या तशीच, सरळ.

"एका रेघेनं काय ठरत न्हाई," मी म्हटलं. "तशा अकरा जणी होत्या. त्यांना काही झालं नाही."

"ठाऊक हाय. त्या रेघा मीच ओढल्यात." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "उद्या रक्त काढ माझं. आणि ही वही हितनं फुडं तुझ्याकडं. दर वर्षी मी परातीशी बसणार, तू लिवायचंस. बघू तरी, काय राहतंय आणि काय जातंय ते."

मी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी मिरचीचं आहे असं म्हणायची आमच्या शेडमध्ये चांगली सोय आहे, ती मी त्या दिवशी घेतली.

इंदूमावशी स्टुलावरून उतरल्या. डब्यातली मेथी त्यांनी चमचाभर मोजली, तव्यावर तेल सोडून तांबूस परतली, बोटानं चाखून बघितली आणि परातीत टाकली. मग परत स्टुलावर जाऊन, साडीचा पदर नीट करून बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या, आणि भूषणनं मुसळ सुरू केलं.